चुना, फिनेल आणि लाल दवा

भागीरथाबाईंची अट एका वाक्याची होती आणि तिच्यात कुठेही फट नव्हती. घराला कुलूप लावून त्या कुठेच येणार नव्हत्या. ज्या दिवशी दुसऱ्या कोणाची चूल त्या घरात पेटेल, त्या दिवशी धाकट्या भावाबरोबर चांद्याला यायची त्यांची तयारी होती. तोपर्यंत मोहटोल्याच्या त्या तीन खणांच्या, कवेलूंच्या म्हणजे कौलांच्या घरातून त्यांना वैनगंगेचा पूरसुद्धा हलवू शकणार नव्हता.

पूर मागच्या श्रावणात येऊन गेलाच होता. नदी ओलांडायचा डोंगा अकरा दिवस बंद राहिला, आणि त्यांतले दोन दिवस भागीरथाबाई मोडलेल्या मनगटासह न्हाणीच्या दगडाजवळ पडून होत्या. शेजाऱ्यांना वाटले, बाई मार्कंड्याच्या देवळाला गेल्या असतील. धाकट्या भावाला, गुणवंतराव मास्तरांना, हे सगळे कळले ते भाद्रपदात, एका पोस्टकार्डाने, आणि तेही धानाच्या पिकाची हकीकत सांगून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात.

म्हणून पंचावन्न सालच्या मे महिन्यात, शाळेला सुटी लागताच, मास्तर मूल गावापर्यंत मोटारीने, पुढे बैलगाडीने आणि शेवटी डोंग्याने मोहटोल्याला आले. मिरगाच्या आत घर विकायचे आणि बहिणीला घेऊन परतायचे, एवढेच त्यांच्या डोक्यात होते. पैशांबद्दल त्यांचा आग्रह नव्हता. येईल ती किंमत त्यांना चालणार होती. अडचण वेगळीच होती. मोहटोल्यात घर विकत घेणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि घरावर खर्च करायला मास्तरांच्या पगारात जागा नाही.

गुणवंतराव चांद्याच्या शाळेत विज्ञान शिकवीत. नागपूरचे बी. एस्सी. होते, आणि जे पाहता, मोजता किंवा पुन्हा करून दाखवता येत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. घराचा प्रश्नही त्यांनी त्याच रीतीने मांडला. गिऱ्हाईक घर पाहते ते डोळ्यांनी आणि नाकाने. या दोन्ही इंद्रियांचे समाधान करायला नवी मयाल, म्हणजे तुळई, किंवा नवी कवेलू लागत नाहीत. चुना, पाणी आणि दोन हात पुरतात. दुरुस्ती करायची नाही, फक्त घाण काढायची. त्यांनी वहीच्या पानावर कामे लिहिली आणि चैतूला बोलावले.

चैतू गावातला जुना मजूर. कुडाचे, चुन्याचे, छप्पर शाकारायच्या छावणीचे काम त्याच्याइतके कोणाला येत नव्हते. भिंती पांढऱ्या मातीने न सारवता चुन्यानेच रंगवायच्या, आणि आतूनबाहेरून, असे ऐकल्यावर त्याने हातातला कुंचा खाली ठेवला.

"कोनाले झालं, मास्तर?" त्याने विचारले.

"कोणाला काय होणार आहे? तू कामाला लाग," मास्तर म्हणाले.

चैतूने मान हलवली आणि काम सुरू केले. मात्र जाताना मजुरी घेऊन तो थेट नदीवर आंघोळीला गेला. अंगावर चुना उडाला म्हणून गेला असेल, असे मास्तरांनी गृहीत धरले. पुढे त्यांनी स्वतःशी कबूल केले की निरीक्षण अचूक होते, अनुमान मात्र चुकीचे.

स्वयंपाकघराचे छत मास्तरांनी स्वतः घेतले. तीस वर्षांच्या धुराने मयाल आणि तिच्यावरचे बांबू इतके काळे झाले होते की त्यांवरून उजेड घसरून जाई. कोयत्याच्या पाठीने काजळी खरवडायची आणि मग धुण्याच्या सोड्याचे पाणी फिरवायचे, अशा रीतीने दोन दिवस गेले. मान आखडली, डोळ्यांत सोडा गेला, पण खालून पिवळसर बांबू निघाला. भागीरथाबाई उंबऱ्यावर बसून चिंचा फोडीत होत्या.

"धुरानं बांबू टिकते, माहीत हाये न तुले?" त्या म्हणाल्या.

मास्तरांना ते माहीत होते. धुरातल्या कोणत्या द्रव्याने भुंगा दूर राहतो, हेही त्यांनी शिडीवरूनच सांगितले, आणि एक पावसाळा धूर नसला तरी बांबूचे काही बिघडत नाही अशी पुरवणी जोडली. बहिणीने पुढची चिंच फोडली.

न्हाणीत आणि रिकाम्या गोठ्यात फिनेल ओतले. विहिरीत पाचोळा पडून पाण्याला वास येत होता. तिच्यात पेटीतल्या बाटलीतली लाल दवा, म्हणजे परमँगनेट, सोडली. ही बाटली त्यांच्या प्रवासात नेहमीच बरोबर असे. उरला तो ढोला, म्हणजे धान साठवायची, शेणाने लिंपलेली, पुरुषभर उंचीची बांबूची कोठी. तिने माजघराचा चौथा भाग अडवला होता आणि आत गेली दहा वर्षे एक दाणाही नव्हता. ती मोडून जाळायची, असे वहीत लिहिले होते. भागीरथाबाईंनी आवाज न चढवता सांगितले की ढोल्याले हात लावशीन त मी इथून हालत नाई. शेवटी चैतूने आणि मास्तरांनी तो अख्खा उचलून घरामागच्या सांदवाडीत, आंब्याखाली नेऊन ठेवला.

आठव्या दिवशी घर तयार झाले. बाहेरून ते दवाखान्यासारखे दिसत होते, आणि मास्तरांच्या लेखी याहून मोठी प्रशंसा नव्हती.

पहिले गिऱ्हाईक चामोर्शीकडचे होते. ते पुढच्या छपरीपर्यंत आले, दोनदा नाक ओढले, आणि बैल सैल बांधल्याचे त्यांना एकाएकी आठवले. दुसरे सरळ विहिरीकडे गेले, वाकून पाहिले, आणि घर न पाहताच परतले. तिसऱ्याने निरोप पाठवला की पोराचे लग्न पुढे ढकलले आहे. त्याला लग्नाचा पोरगा नव्हता, हे भागीरथाबाईंकडून कळले. मास्तरांनी तिन्ही घटना मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. कारण सापडेना. घरात काही दोष असता तर त्यांना राग आला नसता. घर निर्दोष होते, आणि तरीही माणसे त्याच्यापासून अशी निघून जात होती की जणू त्यांना उशीर झाला आहे.

चौथा आला लटारू. गावातला चांगला धानउत्पादक, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. दुसऱ्या मुलाचा संसार वेगळा करायचा म्हणून त्याला घर हवे होते, आणि या घराची विहीर उन्हाळ्यात आटत नाही हे तो लहानपणापासून जाणत होता. तो आला आणि कुंपणाबाहेर, रस्त्यावरच उभा राहिला. मास्तरांनी आत बोलावले. तो म्हणाला, इथीच बरं हाये.

"मास्तर," त्याने विचारले, "कोन गेलं?"

"कुठे गेलं?"

"घरातून."

मास्तरांनी शांतपणे सांगितले की घरात बहीण आणि ते, दोघेच आहेत. कोणी गेले नाही, कोणी आजारी नाही, आणि हे विचारण्याचे कारण काय.

लटारूने बोट दाखवले. आधी भिंतीकडे, मग न्हाणीकडे, मग विहिरीकडे. "चुना हाये. फिनाइल हाये. पान्यात लाल दवा हाये. तुमीच सांगतलं होतं न, हे तीन जिथी दिसन तिथचं पानी प्याचं नाई."

तेव्हा कुठे मास्तरांना सोळा वर्षांपूर्वीचा जेठ आठवला.

त्या जेठात मोहटोल्यात हैजा, म्हणजे पटकी, आला होता. अकरा माणसे गेली. गुणवंतराव नुकतेच पदवीधर होऊन घरी आले होते, वय तेवीस. लस टोचणाऱ्या सरकारी सुईवाल्यांच्या मदतीला ते एकटेच धावले. दगावलेल्या माणसांच्या घरी त्यांनी स्वतः चुना मारला, फिनेल शिंपडले, विहिरीत लाल दवा टाकली. आणि रोज संध्याकाळी चावडीपुढच्या पिंपळाखाली सारा गाव बसवून एकच धडा घोकून घेतला. जिथे नवा चुना, फिनेलचा वास आणि लाल पाणी, तिथे रोग होता असे समजायचे. तिथले पाणी प्यायचे नाही. म्हणा. गाव म्हणे. पुन्हा म्हणा. गाव पुन्हा म्हणे.

चांद्याच्या शाळेतली मुले आर्किमिडीजचे तत्त्व दिवाळीच्या सुटीत विसरून येत. मास्तरांच्या उभ्या आयुष्यात विद्यार्थ्यांना कायमचा लक्षात राहिलेला धडा बहुधा हा एवढाच होता.

त्यांनी लटारूला समजावले. हीच द्रव्ये रोग नसतानाही स्वच्छतेसाठी वापरतात. लटारू म्हणाला, वापरत असतीन, पण इथी कधी कोणी वापरली नाईत. हे खरे होते. मास्तरांनी विहिरीचे तांब्याभर पाणी काढले आणि त्याच्यादेखत शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन दाखवले. लटारूने लक्षपूर्वक पाहिले.

"तुमाले सुई हाये," तो म्हणाला.

"अरे, त्या सुईला सोळा वर्षं झाली. तिचा गुण फार तर सहा महिने टिकतो."

"तवा तुमी असं नाई सांगतलं."

तेव्हा त्यांनी खरोखरच तसे सांगितले नव्हते. सहा महिन्यांची गोष्ट सांगितली असती तर अर्ध्या गावाने दंड पुढे केला नसता, म्हणून त्यांनी ती गाळली होती. सुई घेतली की हैजा शिवत नाही, एवढेच साधे, सोयीचे आणि अपुरे वाक्य त्यांनी पिंपळाखाली उच्चारले होते. आता ते वाक्य कुंपणापलीकडे उभे राहून त्यांच्याकडे पाहत होते. लटारू रामराम करून गेला.

दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या बाया पाण्याला येईनाशा झाल्या. मास्तरांना गावातल्या वार्तेची वाढ दिवसागणिक ऐकायला मिळू लागली, आणि ती चैतूच आणून देई. आधी घरात एक पाहुणा दगावला होता. मग तो सिरोंच्याकडून आला होता आणि तेलुगू बोलत होता. तिसऱ्या दिवशी त्याला गोठ्यात पुरले होते, आणि त्याने अखेरचे दिवस ढोल्यात काढले, म्हणून तर ढोला घराबाहेर काढला. या पाहुण्याला अजून नाव कसे मिळाले नाही, याचेच मास्तरांना आश्चर्य वाटत होते.

त्यांनी चुन्यावर पांढरी माती फिरवायची ठरवले. चैतूने ऐकून घेतले आणि नकार दिला. "आता वरून माती लावाल त म्हनतीन, लपवून राह्यले," तो म्हणाला. यातही चूक काढता येईना. मास्तर संतापले, आणि संताप कोणावर काढावा हे न कळल्यामुळे अधिकच संतापले. अंधश्रद्धा असती तर तिच्याशी दोन हात करता आले असते. त्याचा त्यांना सराव होता. इथे समोर होते ते निरीक्षण, नियम आणि नियमावरून काढलेला निष्कर्ष. परीक्षेत त्यांनी यालाच पूर्ण गुण दिले असते.

मिरगाला अकरा दिवस उरले. दुपारी नदीच्या दिशेला ढग दिसू लागले होते. मास्तरांनी बहिणीला सांगून पाहिले की कुलूप लावू आणि जाऊ. घर काय, पुढच्या उन्हाळ्यात विकू. भागीरथाबाई तांदूळ निवडीत होत्या. डावे मनगट अजून पुरते वळत नव्हते, त्यामुळे सूप एका बाजूला कलत होते.

"बंद घरात उधई लागते," त्या म्हणाल्या. "हे घर बाबानं बांधलं. ते वाळवीच्या तोंडी देऊन मी चांद्याले काऊन येऊ?"

तांदळातला एक खडा काढून त्यांनी अंगणात फेकला.

"मले सुई नाई," भागीरथाबाई म्हणाल्या.

मास्तरांना अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला, आणि लागला तेव्हा सोळा वर्षे दाबून ठेवलेली शरम आधी वर आली. सुईवाले आले त्या दिवशी सारा गाव रांगेत उभा होता आणि प्रचारकाची सख्खी बहीण बेपत्ता होती. तीन तास शोध चालला. शेवटी ती ढोल्यात सापडली. बायांनी तिला ओढून काढले तेव्हा केसांत कोंडा होता आणि सुईवाल्यांची गाडी नदी ओलांडून गेली होती. गाव महिनाभर हसले. गुणवंतरावांनी तो विषय पुन्हा कधी काढला नव्हता. इतका दडपून टाकला होता, की आज तोच पुरावा आहे हेही त्यांना सुचले नव्हते.

"मी या विहिरीचंच पानी पिऊन राह्यली," बहीण म्हणाली. "लटारूच्या बायकोले बोलाव."

सुगंधाबाई आली, आणि तीही कुंपणाबाहेरच थांबली. भागीरथाबाईंनी चांगल्या हाताने बादली ओढली. पाण्याचा गुलाबी रंग आता जेमतेम उरला होता. ओंजळीने त्या पोटभर प्याल्या, तोंड पदराला पुसले, आणि दोन्ही दंड उघडे करून सुगंधाबाईपुढे धरले.

"पाह्य बरं. कुठी वण दिसते का?"

वण सोळा वर्षे राहत नाही, हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले. त्यांच्या स्मरणात, सत्य जाणूनबुजून न सांगण्याची ही दुसरी वेळ होती, आणि दोन्ही वेळा निमित्त तीच सुई होती.

सुगंधाबाईला वण शोधायची गरजही नव्हती. "मीच त ओढून काढली तुले ढोल्यातून," ती म्हणाली, आणि पदर तोंडावर धरून हसू लागली. "पाय कशी झाडत होती, बाप्पा."

ती घरी गेली आणि तासाभराने लटारू आला. त्याचे म्हणणे सरळ होते. बाईला सुई नाही, हे गावाला माहीत आहे. बाई पाणी प्याली, हे सुगंधाने पाहिले. मास्तरांनी तेव्हा सांगितले होते की हैजा व्हायचा असला तर पाच दिवसांत होतो. पाच दिवस बाईला काही झाले नाही, तर घर घेतो.

मास्तरांनी कबूल केले. प्रयोगाची मांडणी त्यांना अधिक चांगली सुचली नसती.

ते पाच दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस ठरले. सुगंधाबाई सकाळ-संध्याकाळ कुंपणाशी येई, भागीरथाबाईंचा चेहरा न्याहाळी, काय खाल्ले ते विचारी आणि जाई. मास्तरांनी बहिणीला भात आणि ताक एवढ्यावर ठेवले. पाणी उकळून द्यायचाही त्यांचा विचार होता, पण मग प्रयोगाला अर्थ राहत नव्हता. तिसऱ्या दिवशी ते सांदवाडीत गेले तेव्हा ढोल्यामागे त्यांना आंब्याच्या सात कोया दिसल्या. ताज्या होत्या.

"आंब्यानं हैजा होते का?" भागीरथाबाईंनी विचारले.

"हैजा होत नाही. पोट बिघडतं. आणि त्यातला फरक लटारूला कळणार नाही."

"तुले कळन न?"

"मला कळून काय उपयोग?" मास्तर म्हणाले, आणि त्या वाक्याने ते स्वतःच दचकले.

चौथ्या दिवशी सकाळी भागीरथाबाई तांब्या घेऊन एकदा बाहेर गेल्या. अर्ध्या तासाने पुन्हा गेल्या. मास्तर छपरीत हातातले पुस्तक उलटे धरून बसले होते. कुंपणाबाहेर सुगंधाबाई उभी होती. तीही मोजत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. एका घराचे, एका पावसाळ्याचे आणि एका माणसाच्या जिवाचे भवितव्य म्हाताऱ्या बहिणीच्या पोटातल्या सात आंब्यांवर येऊन थांबावे, आणि त्यात विज्ञानाने करण्यासारखे काहीच नसावे, याची त्यांना चीड आली. तिसऱ्यांदा तांब्या हलला नाही. दुपारी भागीरथाबाईंनी दोनदा भात मागून घेतला आणि सुगंधाबाईला कुंपणावरूनच विचारले की तुझ्या घरच्या लोणच्याची फोड आणशीन का. आणली गेली.

पाचव्या दिवशी लटारू पहिल्यांदा कुंपणाच्या आत आला. चकचकीत पांढऱ्या भिंतींकडे त्याने पाहिलेही नाही. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, हात वर करून बांबूवरून बोट ओढले आणि बोट पाहिले. बोट स्वच्छ होते. त्याचा चेहरा पडला.

"घर घेतलं," तो म्हणाला. "पन वरचं काळं परत करून द्या, मास्तर. असं उघडं राह्यलं त भुंगा लागन. आन् चुन्यावर पांढरी माती मारून देजा. सुनेच्या माहेरचे पाहाले येतीन."

चैतूने दोन दिवसांत मातीचा हात फिरवला. छताचे काम मात्र मास्तरांनाच करावे लागले, कारण ज्याने खरवडले त्यानेच भरून द्यावे, असे लटारूचे म्हणणे पडले आणि भागीरथाबाईंनी मान डोलावली. मिरगाच्या आदल्या सकाळी सुगंधाबाईने आपल्या घरच्या चुलीतला विस्तव खापरात घालून आणला आणि या चुलीत ठेवला. दुसऱ्याची चूल पेटली. अट पुरी झाली. भागीरथाबाईंनी लुगड्याचे बोचके उचलले आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसल्या.

नागपूरचे बी. एस्सी. गुणवंतराव आत उकिडवे बसून ओल्या गोवऱ्यांवर फुंकणीने फुंकर घालत होते. धूर मयालीपर्यंत चढत होता, बांबूंतून फिरत होता आणि खाली येऊन त्यांच्याच डोळ्यांत शिरत होता. दीड तासात बांबूवर पुसटशी काळपट झाक आली. लटारूने वर पाहून सांगितले की बाकीचे आमी करून घेऊ, तुमची गाडी जाऊ द्या, डोंगा निघन.

मास्तर डोळे पुसत बाहेर आले आणि जागीच थांबले. गाडीत बहिणीच्या मागे, दोऱ्यांनी तीन ठिकाणी आवळून, ढोला आडवा बांधलेला होता. चैतू शेवटची गाठ मारीत होता. चांद्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांची मापे मास्तरांना पाठ होती. ढोला दारातूनसुद्धा आत जाणार नव्हता. तो मोटारीच्या टपावर चढणार नाही, डोंग्यात मावणार नाही आणि त्यात भरायला तिकडे धान नाही, हे तीन मुद्दे त्यांनी क्रमाने मांडले.

भागीरथाबाईंनी तिन्ही ऐकून घेतले.

"चांद्याले त सुईवाले रोजचेच असतीन," त्या म्हणाल्या. "हाक, चैतू."